दगडाच्या दाढेतले किडे

“पडला! आनखी एक पडला!”

लिंबाखाली एकच गलका उठला. खडी फोडणाऱ्या बायांनी हातोडे टाकले आणि पदर खोचत धावल्या. मुकादम ओरडत राहिला, पण त्याच्याकडं कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या अलीकडच्या एका वाडीवर रस्त्याचं काम निघालं होतं. दिवसभर दगड फोडायचा, दुपारी सरकारनं वाटलेली गोड पिठाची सुकडी खायची आणि संध्याकाळी पाण्याच्या टँकरची वाट बघत बसायचं, असे ते दिवस. त्यात आठ दिवसांपूर्वी धुरीबाबा आला आणि लोकांना बघायला काहीतरी मिळालं.

बाबाच्या पुढ्यात पाण्यानं भरलेली परात होती. परातीत मधोमध एक वीट, विटेवर लालभडक तापवलेला लोखंडाचा तुकडा. बाबा झोळीतून तेलात कालवलेली चिमूटभर ‘औषधी’ काढायचा, लोखंडावर टाकायचा आणि त्यावर पालथं मडकं झाकायचा. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात बोरूची नळी. दुखणेकऱ्यानं नळी दुखऱ्या दाढेशी धरायची आणि धूर तोंडात घ्यायचा. आत तडतड व्हायची, तोंडातून लाळ गळायची, आणि बाबा तारस्वरात सुरू करायचा,

“किडा आत, पीडा आत! किडा भाईर, पीडा भाईर! गिरनारच्या गुरूची आन, सोड दाढ अन् धर रान!”

मग मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे, वाकडे किडे तरंगत असायचे. अगदी सगळ्यांच्या देखत!

“बाबा, तुमचे दात का वो असे काळे?” एका बाईनं विचारलं.

“लोकांचे किडे अंगावर घेतो, माय. सुख तुमाला, काळोखी आमाला,” बाबा म्हणाला आणि तंबाखूची पिंक टाकली. लोकांनी हात जोडले.

सहादेव गुरुजी गर्दीच्या मागं गाल दाबून उभे होते. वाडीच्या शाळेत ते सातवीला विज्ञान शिकवायचे. तीन आठवडे त्यांची उजवीकडची दाढ ठणकत होती. लवंग झाली, तुरटी झाली, कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. रोज फळ्यावर लिहिताना ठणका डोक्यात चढायचा आणि हातातला खडू मोडायचा. इथं यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तरी पाय इकडंच वळले होते.

बाबानं त्यांना बरोबर हेरलं. “या गुरुजी, या! इज्ञान शिकवता न्हवं? मग स्वता मोजून घ्या.”

लोकांनी वाट करून दिली. आता मागं फिरणं शक्य नव्हतं. गुरुजींनी नळी तोंडात धरली. कडवट, उग्र धूर घशात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. मडकं उचललं तेव्हा त्यांनी वाकून पाण्यात बघितलं आणि बघतच राहिले.

“मोजा!”

“सात,” गुरुजी म्हणाले.

“दिसतात का न्हाई?”

“दिसतात खरे.”

एवढंच ते बोलले. पण संध्याकाळपर्यंत मिरजगावच्या बाजारात बातमी पोचली होती, की इज्ञानाच्या गुरुजींनी मोजून घेतले, आपल्या तोंडानं सात सांगितले. गुरुजींनी त्यातला एक किडा वर्गात दाखवायला म्हणून काड्यापेटीत घालून घरी नेला होता, त्याचाही बोलबाला झाला. आणि खरोखरच दोन दिवसांत त्यांचा ठणका थांबला.

तिसऱ्या दिवशी शेजारचा रंगनाथ दारात आला. दगड फोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असा गडी. डावा गाल लिंबाएवढा सुजला होता.

“गुरुजी, उद्या रज्जाकभाईच्या खडीच्या ट्रकनं नगरला जायचं म्हनतोय, दवाखान्यात. का बाबाकडंच जाऊ? बनू म्हनती, गुरुजींना गुन आला.”

गुरुजी वह्या तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, “मला तरी गुण आला बुवा.”

रंगनाथ नगरला गेला नाही.

बाबानं पहिल्या दिवशी त्याचे अकरा किडे काढले. दुसऱ्या दिवशी नऊ. सूज उतरेना तेव्हा म्हणाला, “आत रानी बसलीय. रानी निघाली की फौज पळती.” राणीसाठी पाच धुऱ्या झाल्या. दर धुरीला बनुबाईनं, रंगनाथच्या बायकोनं, घरातली उरलीसुरली ज्वारी पदरातून नेऊन बाबाच्या झोळीत ओतली. बाबा पैशाला शिवत नव्हता, धान्याला मात्र त्याची हरकत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी बनुबाई धावत शाळेत आली. “गुरुजी, मानूस तोंड उघडंना! पानी बी गिळंना!”

गुरुजी तिच्या मागोमाग धावले. सूज गालावरून हनुवटीखाली आणि तिथून गळ्यापर्यंत उतरली होती. कातडी ताणून चकाकत होती. रंगनाथ भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण तो गुरुजींकडं बघत होता.

रज्जाक खडी टाकून नुकताच परतला होता. त्यानं रिकाम्या ट्रकच्या हौद्यात गोधडी टाकली, रंगनाथला बसवलं आणि ट्रक नगरच्या रस्त्याला लावला. गुरुजी रंगनाथच्या पाठीला आधार देऊन बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर, उघडी रानं मागं पळत होती. गुरुजी दर मैलाचा दगड मोजत होते आणि दर दगडाला त्यांना वाटत होतं, ट्रक आणखी जोरात का जात नाही?

“तुमी सांगितलं म्हनून गेलो, गुरुजी,” समोर बसलेली बनुबाई मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात रंगनाथला सरळ आत नेलं. हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला, दोन दाढा काढल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. दुपारी दातांचे डॉक्टर फक्रुद्दीन बाहेर आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ.

“वाचेल. पण आणखी एक दिवस गेला असता तर श्वासाची वाटच बंद झाली असती. एवढे दिवस काय करत होतात?”

गुरुजींनी सगळं सांगितलं. बाबा, धूर, सात किडे, स्वतःचं ते एक वाक्य. सांगून झाल्यावर हट्टानं म्हणाले, “पण डॉक्टर, किडे मी या डोळ्यांनी बघितलेत. आणि माझा ठणका थांबला, हेही खोटं नाही.”

“उघडा तोंड,” डॉक्टर म्हणाले.

आरशाचा छोटा तुकडा गुरुजींच्या तोंडात फिरला. एक बारीक आकडी दाढेवर ठक्कन वाजली.

“दुखतंय?”

“नाही.”

“दुखणार नाही. तुमची दाढ बरी झालेली नाही, आतली नस मेली आहे. नस मेली की ठणका थांबतो. माणसाला वाटतं बाबा पावला. आणि मेलेल्या दाढेच्या मुळाशी सावकाश पू धरतो. तुमच्या मित्राचं हेच झालं असावं. पुढचा नंबर तुमचा.”

गुरुजींनी जिभेनं दाढ चाचपली.

“मग किडे?”

“किडा वगैरे काही नसतो, गुरुजी. हे असतं.” डॉक्टरांनी आकडीनं त्यांच्या दाताच्या मुळाशी खरवडलं आणि पिवळट, चिकट ठिपका काढून दाखवला. “कीटण. आपण जेवतो, गोड खातो, दात नीट घासत नाही. मग दातांवर हा थर बसतो. वेळीच काढला नाही तर दगडासारखा घट्ट होतो. या, दाखवतो.”

तपासणीच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. डॉक्टरांनी काचेवर कीटणाचा ठिपका थेंबभर पाण्यात कालवला. गुरुजींनी डोळा लावला आणि दचकून मागं झाले. पुन्हा लावला. आत हजारो बारीक काड्या, ठिपके, धाग्यासारखे जीव वळवळत होते.

“हे सगळे जिवंत?”

“जिवंत. तुमच्याच तोंडातले. साखरेवर, गुळावर हे जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दात झिजतो, भोक पडतं. डोळ्यांना दिसणारा किडा आजवर कुणाच्या दातात निघालेला नाही. दिसत नाहीत ते हे, आणि ते कुणाच्या मंत्राला घाबरत नाहीत.”

गुरुजींना काड्यापेटी आठवली. सकाळी वर्गात दाखवायला घेतलेली ती धावपळीत सदऱ्याच्या खिशातच राहिली होती. त्यांनी ती उघडली. सुकून दोऱ्यासारखा झालेला किडा डॉक्टरांनी काचेवर ठेवला, वर पाण्याचा थेंब सोडला आणि बराच वेळ बघितलं.

“याला तोंड नाही. पाय नाहीत. अंगाला वळ्या नाहीत. हा कसला प्राणी, मला सांगता येत नाही. तुम्ही बघा.”

गुरुजींनी डोळा लावला. पाण्यात तो किडा हळूहळू फुगला. एका टोकाला निमुळतं मूळ होतं. दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटलेली दोन चिमुकली पानं. दर वर्षी भिजवलेला हरभरा सोलून ते मुलांना दाखवायचे, हे आदिमूळ, ही बीजपत्रं. बारा वर्षं शिकवत होते.

“हा प्राणी नाही, डॉक्टर,” ते पुटपुटले. “हा बियाच्या आतला गर्भ आहे.”

दुसऱ्या दिवशी ते वाडीला परतले, पण घरात बसवेना. कसलं बी? धुराचा कडू वास नाकातून जात नव्हता. ते उठून खळ्याकडं भागूबाईकडं गेले. भागूबाई वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, तोंडात एकही दात नाही, पण बोटावर मिश्री कायम.

“आजी, दाढेला धुरी कशाची देतात?”

“रिंगनीची की! माजी सासू बी द्यायची. लई किडे पडायचे.”

“आणि दाढ बरी व्हायची?”

भागूबाईनं बोळकं तोंड उघडून दाखवलं. “बरी झाली असती तर हे असं झालं असतं का रं?”

रिंगणी शोधायला लांब जावं लागलं नाही. दुष्काळात गवताची काडी उरली नव्हती, तरी बांधाबांधाला काटेरी रिंगणी पसरलेली, वर पिवळी गोटीएवढी फळं. गुरुजींनी फळं फोडली, बिया वाळवल्या. भर दुपारी अंगणात परात मांडली, वीट ठेवली, चुलीतला तापलेला उलथन्याचा तुकडा विटेवर ठेवला. त्यांची बायको केशरबाई दारात उभी राहून बघत होती.

“नळीला तोंड कोन लावनार?” तिनं विचारलं.

“कुणीच नाही.”

बिया टाकल्या, मडकं झाकलं. तडतड झाली. धूर नळीतून वर गेला आणि हवेत विरला. गुरुजींचा हात मडक्याकडं गेला, थांबला. उघडल्यावर काही निघालं नाही तर? आणि निघालं तर?

त्यांनी मडकं उचललं. पाण्यावर वीस-बावीस किडे तरंगत होते.

केशरबाईनं तोंडावर पदर घेतला. “अगं बाई! आता हे कुनाच्या दाढंतले?”

गुरुजी हसले नाहीत. विटेवरची फुटकी, करपलेली टरफलं त्यांनी उलटीपालटी करून बघितली. बिया तापून फुटतात, आतला पांढरा गर्भ उडून खालच्या पाण्यात पडतो. एवढं साधं! अर्धा तास पुरला असता. रंगनाथ दारात आला त्या दिवशी हा अर्धा तास त्यांनी काढला असता तर रंगनाथचा गळा चिरावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सुकडी वाटून झाल्यावर गुरुजी लिंबाखाली गेले. वीसेक दुखणेकरी रांगेत बसले होते.

“बाबा, आज एक नवं गिऱ्हाईक आणलंय,” गुरुजी म्हणाले आणि खडीच्या ढिगातला एक मोठा दगड उचलून परातीसमोर ठेवला. दगडाला मधोमध खोल भोक होतं. “याची दाढ किडलीय. द्या धुरी.”

लोक हसले. बाबाही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. “गुरुजी, थट्टा करू नगा. गुरूचा कोप व्हईल.”

“कोप झाला तर माझ्यावर होईल. लोकांवर कशाला? द्या धुरी.”

“दे की रं बाबा!” भागूबाई पुढं सरकली. “दगड न्हाई तर न्हाई म्हनंल. तुजं काय जातंय?”

बाबा हलेना. तेव्हा गुरुजींनी त्याच्याच झोळीतली चिमूट घेतली, त्याच्याच लोखंडावर टाकली, त्याचंच मडकं झाकलं आणि नळी दगडाच्या भोकात धरली. धूर दगडातून निघाला. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकले. गुरुजींनी मडकं उचललं.

“पडले!” पुढची एक बाई किंचाळली. “अगं, दगडाचे बी पडले!”

“दगडात बी जीव आसतो!” बाबा ओरडला. “चराचरात परमेसर हाय!”

“परमेश्वर असेल. पण त्याची दाढ किडलीय का?” गुरुजींनी नळी उपटून बाजूला टाकली, पुन्हा चिमूट टाकली, नुसतं मडकं झाकलं. तोंड नाही, दगड नाही, नळी नाही. मडकं उचललं. पाण्यावर पुन्हा किडे.

पुढची बाई परातीपासून मागं सरकली. गुरुजींनी झोळी उलटी केली. तिच्यातून रिंगणीची वाळलेली फळं घरंगळली. वाडीतल्या पोराटोरांनाही ती फळं ओळखू येत होती.

मग मात्र गर्दी उसळली. कुणी बाबाची मानगूट धरली, कुणी हातोडा उचलला. गुरुजी मध्ये पडले.

“मारू नका! मारलंत तर तो दुसरीकडं जाऊन म्हणेल, माझ्या सिद्धीवर लोक जळले. मारायचंच असेल तर आधी मला मारा. त्याच्या मंत्रावर तुम्ही विश्वास ठेवला नव्हता. माझ्या ‘सात’ या आकड्यावर ठेवला होता. रंगनाथ माझ्या शब्दामुळं दवाखान्यात आहे.”

हातोडा उचलणाऱ्यानं तो खाली टाकला. बाबानं झोळी गोळा केली आणि मान खाली घालून रस्त्याला लागला. गुरुजी रांगेतल्या एकेकाला कीटण म्हणजे काय ते सांगत राहिले. सुकडी खाल्ली, गूळ खाल्ला की खळखळून चूळ भरा. मिश्री सोडा. सकाळी अन् झोपताना दात घासा. गालाला सूज आली तर थेट दवाखाना गाठा. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. वर्गात शिकवताना लागतो तो ठामपणा त्यात उरला नव्हता.

तीन आठवड्यांनी रंगनाथ घरी आला. हनुवटीखाली बोटभर लांब व्रण, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. दरम्यान गुरुजी नगरला जाऊन मेलेली दाढ काढून आले होते. ते भेटायला गेले तेव्हा बनुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती.

“त्यो बाबा माहिजळगावच्या बाजारात बसलाय म्हनं,” ती म्हणाली. “तितं बी तुमचंच नाव सांगतोय. वाडीच्या इज्ञानाच्या गुरुजींचे सात किडे काढले, त्यांनी सोता मोजले.”

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. आपल्या तोंडचा एक आकडा गावोगाव फिरत होता आणि कुणा कुणाच्या गालात पू होऊन बसणार होता. तो परत कसा बोलवायचा?

“मी जातो,” ते उठले.

“थांबा,” रंगनाथ अर्ध्या तोंडानं म्हणाला आणि खुंटीवरचा फेटा काढला. “म्या बी येतो.”

माहिजळगावला तीच गर्दी होती, तीच परात, तोच तारस्वर. गुरुजींना बघितलं आणि बाबाचा मंत्र मध्येच तुटला. बाबा झोळी आवरायला लागला तसे गुरुजी गर्दीपुढं उभे राहिले.

“ज्या गुरुजींचे सात किडे निघाले, तो मी. आणि माझं ऐकून ज्यानं दवाखाना टाळला, तो हा.”

रंगनाथनं मान वर केली. लोकांनी तो व्रण बघितला.

“मी खोटं बोललो नव्हतो,” गुरुजी म्हणाले. “बघितलं तेच सांगितलं. पण डोळ्यांना दिसलं म्हणजे कळलं असं नसतं. मी एक प्रश्न विचारायला हवा होता. तोंड लावलंच नसतं, तर हे किडे पडले असते का? तो मी विचारला नाही. मी शिकलेला, म्हणून तुम्हीही विचारला नाही. इथून पुढं कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करायच्या आधी प्रश्न विचारा. बाबाला विचारा, मास्तराला विचारा, डॉक्टरला विचारा. ज्याचं खरं आहे तो रागावणार नाही. आणि माझ्यावरही नुसता विश्वास ठेवू नका. रिंगणी तुमच्या बांधावर आहे, परात तुमच्या घरात आहे. स्वतः करून बघा.”

गर्दी चुळबुळली. कुणी गुरुजींकडं बघत होतं, कुणी बाबाकडं. रांगेतली सगळ्यांत पुढची बाई नळी हातात धरून तशीच बसली होती, उजवा गाल सुजलेला. तिनं रंगनाथच्या गळ्याकडं पुन्हा एकदा बघितलं, नळी खाली ठेवली आणि पदर सावरून उठली.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “नगरला जानारी यष्टी कवा हाय?”